टीएसएचचा आकडा वाचताना

गळ्याच्या पुढच्या बाजूला असलेली थायरॉईड ग्रंथी शरीराला लागते तेवढे संप्रेरक तयार करीनाशी झाली की त्या अवस्थेला हायपोथायरॉईडिझम म्हणतात. गंमत अशी, की त्याच्या निदानासाठी सर्वांत आधी पाहिला जाणारा आकडा या ग्रंथीचा नसतोच. तो असतो टीएसएचचा, म्हणजे थायरॉईडला चालना देणाऱ्या संप्रेरकाचा, आणि टीएसएच येतो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून. रक्तात थायरॉईडचे संप्रेरक कमी पडू लागले की पिट्युटरी टीएसएच वाढवून थायरॉईडला कामाला लावू पाहते. ‘टीएसएच वाढला, म्हणजे थायरॉईड जास्त काम करतोय’ हा समज त्यामुळे नेमका उलटा आहे, आणि रिपोर्टवर आकड्याशेजारी छापलेले ‘एच’ (हाय, म्हणजे जास्त) हे अक्षर तो आणखी पक्का करते.

पिट्युटरी फार संवेदनशील असते. थायरॉईडचे मुख्य संप्रेरक असलेला टी-४ थोडासा घसरला, तरी टीएसएच कित्येक पटींनी चढतो. प्रौढांसाठी साधारण ०.४ ते ४ ही मर्यादा धरली जाते, पण ८ टीएसएच असलेला माणूस ४ वाल्यापेक्षा दुप्पट आजारी असतो असे नाही. सोबत फ्री टी-४ किती आहे, हे पाहावेच लागते. टी-४चा बहुतांश भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. पेशींच्या कामी येतो तो उरलेला अगदी अल्प, मोकळा भाग. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ही प्रथिने वाढतात आणि एकूण टी-४ फुगलेला दिसतो. म्हणून फ्री टी-४ अधिक भरवशाचा. ‘थायरॉईड प्रोफाइल’मध्ये टी-३ हा थायरॉईडच्या दुसऱ्या संप्रेरकाचा आकडाही असतो, पण हायपोथायरॉईडिझममध्ये तो शेवटपर्यंत तग धरून राहतो, त्यामुळे त्याचा उपयोग थोडाच.

टीएसएच वाढलेला आणि फ्री टी-४ कमी, म्हणजे आजार उघड. टीएसएच ४ ते १० यांच्या दरम्यान आणि फ्री टी-४ ठीक, ही खरी अडचणीची जागा. येथे घाईने गोळी सुरू होते आणि पुढे वर्षानुवर्षे चालत राहते. वास्तविक दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासले, तर अनेकांचा टीएसएच आपोआप खाली आलेला असतो. मोठ्या आजारातून उठताना तो तात्पुरता वाढतो, आणि सत्तरी ओलांडलेल्यांमध्ये थोडा जास्त असणे हे वयाला धरूनच असते. १०च्या वर टिकून राहिला, तर मात्र उपचार सहसा करतात. अँटी-टीपीओ ही चाचणी कारण सांगते: शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉईडवर उलटली आहे का. जपानी शल्यचिकित्सक हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेला हाच तो आजार. मिठात आयोडीन घालणे सुरू झाल्यापासून भारतातही प्रौढांमध्ये हे कारण ठळक झाले आहे. ही चाचणी एकदा पॉझिटिव्ह आली की पुन्हा पुन्हा करण्यात पैशांखेरीज काही जात नाही आणि काही मिळतही नाही.

क्वचित बिघाड पिट्युटरीतच असतो. तेव्हा फ्री टी-४ कमी असूनही टीएसएच नॉर्मल दिसतो, आणि नुसत्या टीएसएचवर विसंबणारा फसतो. दुसरी फसवणूक बायोटिनची. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांमधले हे जीवनसत्त्व काही प्रयोगशाळांच्या यंत्रांना चकवते आणि आकडे खोटे येतात. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवावे लागते.

उपचार एकच, लेव्होथायरॉक्सिन. सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, आणि चहा-नाश्ता त्यानंतर अर्ध्या ते एका तासाने. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या या औषधाला आतड्यातच अडवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर हवे. तपासणीच्या दिवशी गोळी रक्त दिल्यानंतर घेणे बरे. रक्तातले हे औषध निम्मे व्हायला सुमारे एक आठवडा लागतो आणि पिट्युटरी स्थिरावायला त्याहून जास्त. त्यामुळे डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत केलेली तपासणी अर्धवट माहिती देते. पंधरा दिवसांत रिपोर्ट काढून पुन्हा डोस हलवला की आकडा वर-खाली झोके घेत राहतो.

थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, चेहऱ्यावरची सूज, बसलेला आवाज, पाळीत जास्त रक्तस्राव ही लक्षणे एकदम जात नाहीत. उत्साह काही आठवड्यांत परततो. केसांना महिने लागतात. वाढलेले कोलेस्टेरॉल पुष्कळदा थायरॉईडच्या उपचारानेच उतरते. वजनाबाबत मात्र निराशा ठरलेली असते, कारण हायपोथायरॉईडिझममुळे चढणारे वजन थोडे असते आणि त्यातही बराच भाग साचलेल्या पाण्याचा. उरलेले थायरॉईडच्या खात्यावर टाकता येत नाही. टीएसएच मर्यादेत येऊनही थकवा राहिला, तर डोस वाढवण्याआधी हिमोग्लोबिन, बी-१२, झोप आणि मनःस्थिती पाहिली जाते. कोबी-फ्लॉवर सोडण्याची गरज नसते. शिजवलेली भाजी बेतात खाल्ल्याने बिघडत नाही. आयोडीनच्या जादा गोळ्यांनी मात्र हाशिमोतोचा आजार बळावू शकतो.

डोस जास्त झाला तर टीएसएच ०.४च्या खाली जातो. छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडणे ही त्याची खूण, आणि उतारवयात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा व हाडे ठिसूळ होण्याचा धोका. म्हणूनच वृद्धांना आणि हृदयरोग्यांना सुरुवात १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमने करतात. गरोदरपणात उलट गरज वाढते, तीही पहिल्या काही आठवड्यांतच, कारण सुरुवातीला गर्भाला लागणारे संप्रेरक आईकडूनच मिळते. आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीचा डोस दिवस राहिल्याचे कळताच साधारण पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढवतात, टीएसएच २.५च्या खाली ठेवतात आणि गरोदरपणाच्या पूर्वार्धात दर चार आठवड्यांनी तपासतात. बाळंतपणानंतर डोस पूर्वीइतका करून सहा आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहिला जातो.