अंगात शिरलेलं

झपाटलेल्या वाड्यातून पळता तरी येतं. अंगातच कुणी शिरलं तर पळायचं कुठून? बाधेच्या कथांची सगळी भिस्त या अडचणीवर असते. विल्यम पीटर ब्लॅटीची ‘द एक्सॉर्सिस्ट’ ही कादंबरी १९७१ साली आली. तिचं बीज १९४९मधल्या मेरीलँडच्या एका ‘झपाटलेल्या’ मुलाच्या बातमीत. दोन वर्षांनी निघालेल्या चित्रपटात सैतानानं झपाटलेल्या बारा वर्षांच्या रेगन या मुलीच्या मानेत डॉक्टर सुई खुपसतात, रक्ताची चिळकांडी उडते, यंत्र धडधडतं आणि निदान शून्य! मला सैतानापेक्षा हा प्रसंग जास्त घाबरवतो. (रेगनची ती हिरवी ओकारी आता खरं तर हसूच आणते.) पोर आपली, चेहरा तिचा, बोलतंय मात्र भलतंच कुणी, आणि आईच्या हाती काही नाही. तिनं मदतीसाठी गाठलेला फादर करास तर धर्मगुरू असून मनोविकारतज्ज्ञही. श्रद्धा डळमळलेली, म्हणून आधी आजारच शोधतो. त्याच्या शंकेमुळेच आपला विश्वास बसत जातो.

आपल्याकडेही डॉक्टर थकले की ‘बाहेरचं काही असेल’ म्हणणारी आत्या घरोघरी असते. या भयकथा विशेषांकासाठी आलेल्या ज्या कथांत शंकेला जागाच न ठेवता पहिल्याच पानावर मांत्रिक लिंबू-सुया घेऊन हजर झाला, त्या आम्ही साभार परत केल्या.