काळा कोट घातला नाही म्हणजे वकिली वाया गेली?

आपल्या तालुक्यात पोरगं एलएलबी झालं की घरचे काळा कोट शिवायला टाकतात. तेच पोरगं बँकेत नाहीतर फायनान्स कंपनीत कंप्लायन्सला लागलं की पारावर सुरू : "एवढा कायदा शिकून शेवटी कारकुनीच का?"

मंडळी, सांगली जिल्ह्यातल्या माणसानं तरी हे बोलू नये. वसंतदादा शेतकरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं २००९ साली रद्द केला. तेव्हा ठेवींना विमा होता फक्त १ लाखाचा. बँक बुडाल्यावर कोर्टात भांडायला वकील ढिगानं मिळतात. पण कर्ज मंजूर होताना "साहेब, हे नियमात बसत नाही" म्हणणारा एक मिळत नाही. कंप्लायन्स म्हणजे तो एक माणूस!

काम काय असतं? केवायसी तपासायची. संशयास्पद व्यवहार २००२ च्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्यानुसार वर कळवायचे. काही अपवाद सोडले तर नागरी बँकेनं संचालकाला नि त्याच्या नातेवाइकाला कर्ज द्यायचं नाही, हा नियम पाळला जातोय का ते बघायचं. यात कायदा नाही तर काय आहे?

१००० कोटींच्या वर ठेवी असलेल्या नागरी बँकांना मुख्य अनुपालन अधिकारी नेमायला रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये सांगितलं. पण आपला बेदाण्याचा पैसा असतो गावच्या पतसंस्थेत. तिथं ना रिझर्व्ह बँकेची देखरेख, ना ५ लाखांचा ठेव विमा. म्हणजे जिथं असा माणूस सगळ्यात जास्त पाहिजे, तिथंच तो नाही. असलाच तर चेअरमनच्या पाहुण्यातला, सांगेल तिथं सही करणारा.

पोरांनाही एक सांगतो. पूर्णवेळ नोकरी धरली की सनदीवर प्रॅक्टिस करता येत नाही, ती थांबवावी लागते. दोन्ही डगरींवर पाय ठेवू नका. आणि "नाही" म्हणायची धमक नसेल तर या वाटेला जाऊच नका.

बाकीच्यांनी येत्या वार्षिक सभेत जेवणाच्या पंगतीआधी एकच प्रश्न विचारा : "आपल्या संस्थेत चेअरमनला नाही म्हणणारा कोण आहे?"

उत्तर आलं नाही, तर समजून जा.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये या, बोलू.