पडक्या घरातील ठेव कोणाची?

सुरत शहराच्या कतारगाम दरवाजा परिसरात इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांची जुनी दफनभूमी आहे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिली स्वारी केली, तेव्हा इंग्रज वखारीचा प्रमुख असलेला जॉर्ज ऑक्सिंडेन तिथेच, भावाच्या शेजारी, घुमटाकार थडग्याखाली विसावला आहे. ‘हॉर्टस मलबारिकस’ हा वनस्पतिग्रंथ सिद्ध करताना ज्याने रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोंकणी वैद्यांचे साहाय्य घेतले, त्या हेंड्रिक व्हॅन रीड या डच अधिकाऱ्याचे थडगेही सुरतेतच आहे. उद्या यांपैकी एखाद्या घराण्याचा वंशज सुरतेत आला आणि पूर्वजाच्या थडग्यावरून निखळलेला कोरीव दगड आठवण म्हणून घेऊन निघाला, तर तो वारसा जपतो आहे की गुन्हा करतो आहे?

या एका प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ही थडगी केंद्रीय संरक्षित स्मारके आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष कायद्याच्या कलम ३० नुसार संरक्षित स्मारकातून शिल्प, कोरीव काम वा शिलालेख हलविणे हा गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. रक्ताचे नाते येथे बचाव ठरत नाही. दगड सुटून खाली पडला होता, हेही उत्तर ठरत नाही.

अवघड प्रश्न सुरतेपासून तापी नदीच्या वरच्या अंगाला सुरू होतात. उकाई धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाने तेव्हाच्या सुरत जिल्ह्यातील आणि महाराष्ट्राच्या धुळे जिल्ह्यातील मिळून सुमारे १७० गावे बाधित केली. त्यांतील बरीचशी पूर्णतः बुडाली. विस्थापितांत गामीत, वसावा, चौधरी, भिल्ल अशा आदिवासी समाजांचे प्रमाण मोठे होते. आज धरणाचा परिसर २००७ मध्ये वेगळ्या झालेल्या तापी जिल्ह्यात येतो. पाणी खाली गेले की काठ उघडा पडतो आणि त्याबरोबर घरांची जोती, जात्याची तळी, पूर्वजांच्या नावाने उभारलेले दगडही वर येऊ शकतात.

गोव्याला हे चित्र परके नाही. साळावली धरणाखाली गेलेले सांगे तालुक्यातील कुर्डी गाव दरवर्षी उन्हाळ्यात पाण्याबाहेर येते. मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी गावात जाऊन धरणाची आवश्यकता लोकांना समजावली होती. त्यानंतर सुमारे ६०० कुटुंबे उठली. आजही मे महिन्यात ही मंडळी सोमेश्वराच्या उत्सवासाठी आणि चॅपेलच्या फेस्तासाठी जुन्या गावात जमतात. आपल्या घराचे जोते ओळखणारा माणूस तेथून आजीचा वरवंटा उचलून आणतो, तेव्हा कायदा त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतो?

पहिली पायरी जमिनीची. उकाई आणि साळावली या दोन्ही प्रकल्पांच्या काळात १८९४ चा भूसंपादन कायदा लागू होता. त्यानुसार ताबा घेतल्यावर जमीन सर्व बोज्यांपासून मुक्त होऊन शासनाकडे निहित होते. त्या कायद्यातील ‘जमीन’ या शब्दाच्या व्याख्येत जमिनीला जोडलेल्या आणि कायमच्या घट्ट बसविलेल्या वस्तूही येतात. म्हणजे भिंती, खांब, भिंतीत बसविलेली चौकट, जमिनीत पुरलेले उखळ, चिऱ्यांचे तुळशीवृंदावन यांची मालकी शासनाकडे गेली. त्यांचा मोबदला, कमी असो वा अधिक, निवाड्यात धरलेला असतो.

दुसरी पायरी सुट्या वस्तूंची. जाते, पाटा-वरवंटा, समई, तांब्याचे भांडे, पेटी यांचे संपादन झालेलेच नसते. घाईत, पावसाच्या तोंडावर वा वाहनाअभावी त्या मागे राहिल्या म्हणून मालकी सुटत नाही. वस्तू टाकून दिली असे म्हणायला ती टाकण्याचा हेतू दिसावा लागतो. धरणाचे पाणी चढल्यामुळे माघार घेतलेल्या माणसाने हक्क सोडला, असा अर्थ काढणे कठीण आहे.

फौजदारी कायदाही या फरकाची दखल घेतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार चोरी ठरण्यासाठी अप्रामाणिक हेतू आवश्यक असतो. वस्तू आपलीच आहे अशा सद्भावनेने ती दुसऱ्याच्या ताब्यातून घेणारा माणूस चोर ठरत नाही, असे उदाहरण जुन्या दंड संहितेतच दिलेले होते आणि तेच नव्या संहितेतही कायम आहे. म्हणून स्वतःच्या जोत्यावरून स्वतःचा वरवंटा उचलणारा बहुधा निर्धास्त असतो. शेजारच्या जोत्यावरील समई उचलणाऱ्याला मात्र हा आधार मिळत नाही. मालक ठाऊक असताना, किंवा थोड्या चौकशीने कळण्याजोगा असताना, सापडलेली वस्तू स्वतःच्या उपयोगासाठी ठेवणे हा मालमत्तेचा अपहार ठरू शकतो.

तिसरी पायरी जमिनीखाली दडलेल्या वस्तूंची, आणि येथे भल्याभल्यांची चूक होते. आजोबांनी चुलीखाली पुरलेला दागिन्यांचा गडू नातवाला सापडला, तर १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मूल्याचा पुरलेला ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते. त्यानंतर जाहीर सूचना निघते आणि चार ते सहा महिन्यांच्या अंतराने सुनावणी होते. हा ऐवज शंभर वर्षांच्या आत आपल्याच पूर्वजाने पुरला होता, असा दावा कोणी केला, तर त्याला दिवाणी न्यायालयात हक्क सिद्ध करण्याची संधी मिळते. ऐवज बेवारस ठरला आणि वेगळा करार नसेल, तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश व जागेच्या मालकाला एक चतुर्थांश वाटा मिळतो. न कळवता ठेवून घेणाऱ्याचा वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कारावासही होऊ शकतो. नातवाचा हक्क खरा असला, तरी गप्प राहिल्याने तोच गुन्हेगार ठरण्याचा धोका आहे.

चौथी पायरी वयाची. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणे, शिलालेख वा कारागिरीची वस्तू, तसेच पंचाहत्तर वर्षांहून जुने मौलिक हस्तलिखित, १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते. ती घरात ठेवता येते. मात्र काही प्रकारांची नोंदणी सक्तीची आहे. परदेशी नेण्याचा मार्ग मात्र खासगी व्यक्तीला जवळजवळ बंद आहे. विनापरवाना निर्यातीला किमान सहा महिने ते तीन वर्षे कारावास आहे. लिस्बन, लंडन वा आखातात स्थायिक झालेल्या गोमंतकीय घरांनी हे विशेष लक्षात ठेवावे. बॅगेत घातलेली खापरपणज्याची मूर्ती विमानतळावर कौटुंबिक आठवण राहत नाही. ती तस्करीचा मुद्देमाल ठरू शकते. वस्तू पुरावस्तू नाही, असे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमाणपत्र आधी घेणे हाच सुरक्षित मार्ग होय.

देवांचा प्रश्न याहून नाजूक आहे. देवघरातील टाक हे कुटुंबाचे. ग्रामदेवतेचा पाषाण कुटुंबाचा नव्हे. प्रतिष्ठापित देवता ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती असते. त्यामुळे पिढ्यान्पिढ्या पूजा करणाऱ्या घराण्यालाही मूर्ती परस्पर हलविण्याचा अधिकार नाही. कुर्डीचे प्राचीन महादेव मंदिर धरणापूर्वी दगड दगड सुटा करून सुरक्षित जागी पुन्हा उभारण्यात आले, ते पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली. शासनाला वारसा वाटला तेव्हा असा मार्ग निघाला.

खरी उणीव येथेच दिसते. मंदिराला जी प्रक्रिया लाभली, ती सामान्य माणसाच्या आठवणीला लाभली नाही. उकाईच्या काठी आदिवासी कुटुंबाने पूर्वजासाठी पुरलेला दगड जमिनीत रोवलेला आहे. व्याख्येनुसार तो शासनाचा. त्याचा वेगळा मोबदला कोणी मोजलेला नसेल आणि बाजारात त्याला किंमतही नाही. परंतु त्या कुटुंबापाशी पूर्वजाची तेवढीच खूण उरलेली असते. कायदा त्याला चोर म्हणण्याची शक्यता कमी आहे, पण हक्कदार म्हणण्याची सोयही कायद्यात नाही. या अनिश्चिततेचा लाभ मिळतो तो जुन्या वस्तूंच्या दलालांना. प्रामाणिक वारस परवानगीच्या विचाराने थांबतो आणि दलाल रात्रीत चौकट उचलतो.

उपाय खर्चिक नाही. गोव्याचा १९७८ चा आणि गुजरातचा १९६५ चा असे दोन्ही राज्यांचे प्राचीन स्मारकविषयक कायदे आहेत, पुरातत्त्व विभाग आहेत, पुनर्वसनाच्या याद्याही आहेत. संपादनाच्या निवाड्यात ज्या घराचे नाव आहे, त्याच्या वारसाने जिल्हाधिकाऱ्याकडे साधा अर्ज करावा. छायाचित्रांसह पंचनामा व्हावा. वस्तू पुरातत्त्वीय महत्त्वाची नाही, एवढे विभागाने तपासावे. आणि ठरावीक मुदतीत वस्तू लेखी स्वाधीन करावी. जोडलेली वस्तू शासनाची असली, तरी ती देऊन टाकण्यापासून शासनाला कोणी रोखलेले नाही.

तोवर पथ्य एवढेच: संरक्षित स्मारकाला हात लावू नये, जमीन खणू नये, दुसऱ्याच्या जोत्यावरचे उचलू नये, आणि स्वतःचे उचलताना छायाचित्र काढून दोन साक्षीदार सोबत ठेवावेत. धरणासाठी ज्यांनी घर दिले, त्यांना घरातला वरवंटा परत नेण्यासाठी कायद्याच्या कलमांमधून वाट शोधावी लागू नये, ही अपेक्षा फार मोठी नाही.