कन्नडचा पेपर आणि कोर्टातली रिकामी खुर्ची

कर्नाटकात, बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या शिकलेल्या मुलाला ‘कोर्टातल्या नोकरीचा अर्ज भर’ म्हटलं, की घरातून दोन उत्तरं येतात. एक, ‘तिथं कन्नड टायपिंग लागतं, ते आपल्यासाठी नव्हे.’ दुसरं त्याहून ठाम, ‘इतकी वर्षं सीमालढा लढलो, आता त्यांच्याच भाषेची परीक्षा द्यायची?’ दोन्हींमागची वेदना खरी आहे. पण दोन्हींतून निघणारा निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही.

कन्नडची अट आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. दिवाणी न्यायाधीशाच्या मुख्य परीक्षेत तर इंग्रजी-कन्नड भाषांतराचा शंभर गुणांचा स्वतंत्र पेपरच असतो. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशपातळीवर मान्य झालेली संरक्षणं मात्र वेगळं सांगतात : भरतीच्या वेळी राज्यभाषेचा आग्रह नको, परिवीक्षाकाळ संपण्याआधी चाचणी घ्यावी. हा हक्क मागायलाच हवा. पण तो पदरात पडेपर्यंत मुलांनी काय करायचं? आपल्या मराठी शाळांतही कन्नड विषय असतोच. पास होण्यापुरतं शिकतो आणि सोडून देतो, ही चूक आपली आहे.

आता स्वाभिमानाचा मुद्दा. मच्छेचा म्हातारा शेतकरी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि मराठीत बोलतो. साक्षीदाराच्या भाषेत जबाब नोंदवता येतो. ते शक्य नसेल तर न्यायालयाच्या भाषेत त्याचं अचूक भाषांतर व्हावं, अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. ते भाषांतर करणार कोण? हा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे घरोघरच्या पेट्यांत जुने मराठी दस्त आहेत, काही मोडीतले. ते वाचणारा आणि कन्नडमध्ये नेमकं मांडणारा माणूस कोर्टात नसेल, तर नुकसान त्या शेतकऱ्याचंच. खुर्ची सोडून स्वाभिमान राखला जात नाही. सीमाप्रश्न तरी कुठे आहे? २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातच ना?

‘मग कोल्हापूरला जा,’ असंही सांगतात. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथं मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, ही आनंदाचीच गोष्ट. जाणाऱ्यानं जावं. पण मच्छेच्या जमिनीचा दावा बेळगावात चालतो आणि उच्च न्यायालयात जायचं तर धारवाड खंडपीठात.

पगाराचं म्हणाल, तर न्यायमूर्ती रेड्डी वेतन आयोगानं कनिष्ठ दिवाणी न्यायाधीशाचा सुरुवातीचा मूळ पगार ७७,८४० रुपये ठरवला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. अनेकांना ती जाचक वाटते. मराठी मुलांना ती उपयोगाची आहे, असं मी म्हणतो. कोर्टातली कन्नड पुस्तकातून येत नाही. दावे, कैफियती, उलटतपासण्या ऐकून येते. बेळगावच्या टिळकवाडीतलं राजा लखमगौडा लॉ कॉलेज १९३९ पासून उभं आहे. पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले ई. एस. वेंकटरामय्या तिथं शिकले. मच्छेहून ते कॉलेज किती लांब?

गावातल्या युवक मंडळांना माझी विनंती आहे. या वर्षी कन्नड-इंग्रजी टायपिंगचा आणि कोर्टातल्या कन्नडचा वर्ग सुरू करा. आणि त्याच आठवड्यात, भरतीतली भाषिक संरक्षणं पाळा, असा सह्यांचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती द्या.