बक्षिसाचा कोड आणि आईचा मोबाईल



“आई, तुझ्या मोबाईलवर आता एक नंबर येईल, तेवढा वाचून दाखव ना!” भाकरी थापत असलेल्या मातेला पोरगा असे म्हणतो आणि माता बिचारी, नंबर कसला हे न विचारता, वाचून दाखवते. पोराला खेळातले बक्षीस हवे असते. कुणीतरी त्याच्या कानात भरवलेले असते की अमुक कोड टाकला की हजार हिरे फुकट मिळतात, नवा पोशाख मिळतो, तलवार मिळते. पण ज्या मोबाईलवर तो खेळतो त्याच मोबाईलवर आईचे बँकेचे खाते आहे, बचत गटाचा हप्ता आहे, बापाचा पगार जमा झाल्याचा संदेशही तिथेच येतो. म्हणून हा विषय पोरखेळ म्हणून सोडून देता येत नाही.

काही पालक यावर एकच उपाय करतात. मोबाईल हिसकावून घेतात आणि पाठीत धपाटा घालतात. त्याने खेळ थांबत नाही, पोर शेजाऱ्याच्या मोबाईलवर चोरून खेळू लागते. त्यापेक्षा हा कोड म्हणजे काय, तो येतो कुठून आणि वटतो कसा, हे आपणच समजून घेतलेले बरे.

आज ज्यांची मुले दहा-बारा वर्षांची आहेत, त्यांच्यापैकी अनेकांनी लहानपणी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम पाहिला असेल. सामुराई, मीडिया असली नावे त्या यंत्रांवर असत. ज्यांना विकत घेणे परवडत नसे ते तासाच्या भाड्याने खेळत. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, हा तर सर्वांचा ठरलेला इलाज! त्या कॅसेटीत ‘कॉन्ट्रा’ असायचाच. धावायचे, उड्या मारायच्या, एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर जायचे आणि वाटेत समोर येईल त्याच्यावर गोळ्या झाडायच्या, असा तो खेळ. जपानच्या कोनामी कंपनीने तो १९८८ साली घरच्या टीव्हीसाठी आणला. तीन ‘लाइफ’ मिळत आणि एक गोळी लागली की एक गेली. नवख्याचा खेळ दोन मिनिटांत संपे.

त्यावर एक युक्ती पोरांच्या तोंडी असे. खेळाचे नाव पडद्यावर दिसताच रिमोटवर वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, मग बी, मग ए आणि शेवटी स्टार्ट दाबायचे. तीनच्या जागी तीस लाइफ मिळत. हा कोड एकाने दुसऱ्याला सांगितला आणि तसाच पोरांत पसरला.

या कोडचा जन्म मोठा गमतीचा आहे. काझुहिसा हाशिमोतो नावाचे गृहस्थ कोनामीत प्रोग्रामर होते. ‘ग्रॅडियस’ नावाचा खेळ घरच्या यंत्रासाठी तयार करण्याचे काम त्यांच्याकडे होते. तो १९८६ साली बाजारात आला. काम करायचे म्हणजे खेळ पुन्हा पुन्हा खेळून तपासायचा. पण खेळ इतका अवघड की स्वतः त्यांनाच तो पार करता येईना. मग त्यांनी आपले काम हलके व्हावे म्हणून बटणांची ही चोरवाट करून ठेवली. ती दाबली की सगळी शस्त्रे हाती येत. खेळ विक्रीला गेला तेव्हा चोरवाट आत तशीच राहिली आणि पुढे कंपनीच्या कितीतरी खेळांत ती येत गेली. हाशिमोतो २०२० च्या फेब्रुवारीत वारले. एका कामगाराची ही सोय जगभरच्या पोरांची संपत्ती झाली, याचे आम्हाला फार कौतुक वाटते.

त्याच काळातला दुसरा प्रकार म्हणजे पासवर्ड. १९८८ सालच्या ‘मेगा मॅन २’ या उड्या-लढाईच्या खेळात वीज गेली किंवा यंत्र बंद केले की पूर्वीची मजल पुसली जाई. म्हणून खेळ पडद्यावर पाच बाय पाच चौकटींचा एक तक्ता दाखवी. त्यात नऊ ठिपके असत. ते वहीत उतरवून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी तसेच्या तसे भरायचे. कोणते शत्रू हरवले, जवळ शक्तीचे डबे किती शिल्लक आहेत, हा सारा हिशेब त्या नऊ ठिपक्यांतच असे.

आता मुद्द्यावर येऊ. जुना कोड खेळाच्या आतच होता. तो ज्याला माहीत त्याचा, कितीही वेळा वापरा, कुणाला विचारायचे कारण नाही. आजच्या मोबाईलवरच्या खेळातला बक्षिसाचा कोड तसा नाही. तो सायकल स्टँडच्या बिल्ल्यासारखा आहे. बिल्ल्यात सायकल नसते, नुसता आकडा असतो. सायकल स्टँडवाल्याच्या ताब्यात असते. तुम्ही कोड टाकला की तो इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जातो. तिथल्या वहीत तो आकडा आहे का, कुणी आधी वापरला आहे का, मुदत संपली का, हे पाहिले जाते आणि मगच बक्षीस तुमच्या खात्यात पडते. म्हणजे कंपनीने वहीत न लिहिलेला कोड कुणी कितीही हुशारीने ‘तयार’ केला तरी तो वटणार नाही. बिल्ला घरी पत्रा कापून केला म्हणून कुणी सायकल देतो काय?

आणि वहीच बंद झाली तर? ‘मेगा मॅन एक्स डाइव्ह’ हा त्याच घराण्यातला मोबाईलवरचा खेळ. कॅपकॉम कंपनीने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्याची मूळ ऑनलाइन सेवा थांबवली आणि इंटरनेटविना चालणारी वेगळी आवृत्ती विकायला काढली. पोरांनी जमवलेले जे काही त्या ऑनलाइन खात्यात होते ते खात्यासोबत गेले. १९८८ सालच्या कॉन्ट्राचा कोड मात्र जुनी कॅसेट चालू असेल तर आजही चालतो.

खरा कोड मिळतो तो कंपनीकडूनच. खेळाच्या आतल्या सूचनापेटीत, कंपनीच्या स्वतःच्या पानावर, सणावाराच्या किंवा स्पर्धेच्या कार्यक्रमात, किंवा विकत घेतलेल्या खेळण्याच्या अथवा भेटकार्डाच्या पाठीवर. वटवण्याची जागाही ठरलेली असते. बहुतेक खेळांत ती सेटिंगमध्ये किंवा दुकानाच्या पानावर असते, काहींत कंपनीच्या संकेतस्थळावर. गूगल प्लेचे भेटकार्ड असेल तर प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवायचे आणि पैशांच्या विभागात जाऊन तिथे आकडा भरायचा. तिथे कोड विचारतात, फार तर खेळाडूचा क्रमांक विचारतात. बँकेचे नाव, कार्डाचा नंबर, यूपीआयचा पिन यांचा तिथे काय संबंध?

कोड नाकारला गेला तर पोर हिरमुसते आणि दुसरीकडे शोधू लागते. तेव्हा आधी साध्या गोष्टी पाहाव्यात. इंग्रजी ओ आणि शून्य यांत गल्लत झाली असेल, लहान-मोठ्या लिपीचा फरक असेल, मागे मोकळी जागा राहिली असेल. कोड दुसऱ्या देशापुरता असू शकतो. मुदतीची वेळ पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असते आणि आपले घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास असते. पोराने ‘पाहुणा’ म्हणून खेळ सुरू केला असेल तर आधी नीट खाते जोडावे, नाही तर मोबाईल बदलला की मिळवलेले सारे पाण्यात.

आता ठकांविषयी. कोड शोधता शोधता पोर ‘अमर्याद हिरे, फुकट कोड बनवा’ अशा पानावर पोहोचते. तिथे तीन गोष्टींपैकी एक मागतात. एक तर खेळाच्या खात्याचा पासवर्ड. तो दिला की खाते गेले. नाही तर बाहेरून एखादे अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगतात. अशा अ‍ॅपला संदेश वाचण्याची परवानगी दिली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी चोराला दिसतो. तिसरी गोष्ट म्हणजे ‘बक्षीस जमा करण्यासाठी’ यूपीआयचा पिन. माता-भगिनींनो, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो पैसे द्यायलाच लागतो. ओटीपीचा संदेशही अर्धा वाचू नका. तो कुणी पाठवला, कशासाठी, किती रुपयांचा, हे त्यातच लिहिलेले असते. इंग्रजी वाचता येत नसेल तर पोरालाच मोठ्याने वाचायला लावा आणि अर्थ विचारा. शाळेचा धडाही होईल.

प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीपूर्वी पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागण्याची सोय आहे, ती सुरू करून ठेवा. आणि मुलाला हेही सांगा की कंपनी कोड वाटते ती दानधर्म म्हणून नव्हे. आज रात्रीपर्यंतच कोड चालेल म्हटले की पोर धावत येते, फुकटच्या दहा हिऱ्यांत काही येत नाही, मग उरलेले नव्वद विकत घ्यावेसे वाटतात. चांगली मुलेही या जाळ्यात सापडतात, त्यात त्यांचा स्वभाव वाईट असतो असे नाही.

इतके करूनही पैसे गेलेच तर पहिला तास फार महत्त्वाचा. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी क्रमांक आहे. तो लगेच फिरवावा आणि बँकेलाही कळवावे. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार लिहिता येते. चोराकडून पैसे पुढे जाण्याआधी कळले तर ते वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. पण हे तेव्हाच होते, जेव्हा पोर तासाभरात येऊन सांगते. माराच्या भीतीने ते दोन दिवस गप्प राहिले तर पैसे कुठल्या कुठे जातात. म्हणून पोराने सांगितल्याबरोबर आधी फोन लावा, ओरडायचे ते नंतर. फोन लावताना पैसे गेल्याची वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. बँकेच्या संदेशात तो असतो. तो संदेश पुसू नका, आणि ज्या पानावर कोड मिळाला त्याचे चित्रही मोबाईलवर काढून ठेवा.