नाकाचा शेंडा आणि बाजारपेठ

मराठी भाषेने प्रतिष्ठेचे ओझे ज्या अवयवावर सर्वाधिक लादले आहे, तो अवयव म्हणजे नाक. घराण्याचे नाक कापले जाते, अडचणीत माणसाच्या नाकी नऊ येतात, वधूपरीक्षेत ‘नाकीडोळी नीटस’ हा शेरा आजही ऐकू येतो आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने ही म्हण तर विवाहाच्या बाजारातील भाव निर्दयपणे सांगून टाकते. अशा समाजात नाकाचा फाजील पुढे आलेला शेंडा मागे घेण्याची शस्त्रक्रिया शहरोशहरी उपलब्ध व्हावी आणि तिच्या खर्चासाठी मासिक हप्त्यांची सोय व्हावी, यात नवल नाही. नवल वाटावे ते याचे, की या व्यवहाराची चर्चा अजून थट्टेच्या पातळीवरून वर येत नाही. वस्तुतः हा प्रश्न ग्राहकाच्या हिताचा आणि सार्वजनिक धोरणाचा आहे.

नाकाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास पाहता तिच्याकडे परकीय फॅशन म्हणून बोट दाखविता येणार नाही. सुश्रुतसंहितेत छिन्न नासिका पुन्हा घडविण्याचा विधी आहे. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्याबरोबर बैल हाकणारा कावसजी टिपूच्या हाती सापडला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याचे नाक नव्याने बसविले. हा वृत्तांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आला आणि त्यावरून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली. पण कावसजीला जे हवे होते ते हरपलेले नाक. असलेले नाक बदलून घेण्याची कथा निराळी आहे. १८९८ मध्ये बर्लिनच्या जाक जोसेफ यांनी एका रुग्णाचे धडधाकट पण मोठे नाक लहान केले आणि नाकापायी माणसांत मिसळणे टाळणाऱ्याचे मानसिक दुःख दूर करणे हेही शल्यविशारदाचे काम आहे, असे प्रतिपादन केले. नाकावरून ज्यू ओळखू पाहणारा तो समाज होता, हे विसरता कामा नये. सुरी नाकावर चालली, दोष मात्र पाहणाऱ्यांच्या नजरेत होता.

ही शस्त्रक्रिया दिसते तितकी सोपी नाही. शेंड्याला आकार देणाऱ्या दोन कूर्चा असतात. त्यांचे मधले भाग नाकाच्या पडद्याला टेकून जोडीने उभे असतात व बाजूचे भाग दोन्हीकडे पसरलेले असतात. तिवईचे पाय आखूड केले की तिचा माथा खाली येतो, त्याच न्यायाने शल्यविशारद या कूर्चांचा पडद्याशी असलेला आधार सैल करतो व गरजेप्रमाणे त्यांचा थोडा भाग कापून किंवा एकमेकांवर चढवून शिवतो. एक पाय अधिक आखूड झाला तर शेंडा वर तरी वळतो किंवा खाली तरी झुकतो. शेंडा मागे येताच नाकपुड्या फुगलेल्या दिसू लागतात, मग त्यांच्या मुळाशीही छेद घ्यावा लागतो. आधार फार काढला तर नाक कालांतराने बसते व श्वासालाही अडथळा होतो. सूज पूर्ण ओसरून अंतिम आकार दिसण्यास वर्ष किंवा त्याहून अधिक काळ जातो. शिवाय हनुवटी मागे असली किंवा नाकाचा दांडा बसका असला, तरी शेंडा आहे त्याहून पुढे भासतो. म्हणजे तक्रार नाकाची असली तरी निदान दुसरेच असू शकते.

राज्यसंस्थेने या क्षेत्रात एक रेषा आखलेली आहे. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवाकरातून वैद्यकीय सेवा वगळण्यात आल्या, तेव्हा सौंदर्यशस्त्रक्रियेला ती सवलत नाकारण्यात आली. जन्मजात व्यंग, वाढीतील विकृती किंवा इजा यांमुळे बिघडलेली रचना वा कार्य पूर्ववत करण्याची शस्त्रक्रिया मात्र सवलतीस पात्र ठरली. आरोग्यविम्याच्या पॉलिसीही साधारणपणे हाच भेद करतात. तत्त्वतः ही रेषा योग्यच आहे, कारण चैनीचा भार सार्वजनिक तिजोरीने का उचलावा? तथापि, जी गोष्ट कायदा चैन मानतो ती घेणाऱ्याला चैन वाटते काय, हा प्रश्न उरतोच.

अमेरिकेतील डॅनिएल हॅमरमेश व जेफ बिडल यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की अनाकर्षक समजल्या जाणाऱ्या कामगारांना सामान्य रूपाच्या कामगारांपेक्षा ५ ते १० टक्के कमी वेतन मिळते. नोकरीच्या मुलाखतीत किंवा स्थळ पाहताना चेहऱ्याला किंमत असेल, तर त्या चेहऱ्यावर खर्च करणारा तरुण मूर्ख ठरत नाही. तो आपल्या परीने गुंतवणूकच करीत असतो. खरी अडचण अशी, की हा लाभ तुलनेवर उभा आहे. सभेत एक जण उठून उभा राहिला तर त्याला अधिक दिसते. सगळेच उभे राहिले तर कोणालाच अधिक दिसत नाही, पाय मात्र सर्वांचे दुखतात. व्यक्तीचा हिशेब बरोबर असूनही समाजाचा हिशेब चुकतो तो असा. आणि ज्याच्यापाशी पैसा नाही तो कर्ज काढून या शर्यतीत उतरतो.

त्यातही ग्राहक व विक्रेता यांचे ज्ञान विषम असते. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले, की रोगी वैद्यकीय सेवेचा दर्जा स्वतः पारखू शकत नाही, म्हणून येथे बाजाराचे नेहमीचे नियम अपुरे पडतात. कापड परत करता येते, कापलेली कूर्चा परत मिळत नाही. भरीस भर म्हणून मागणीचे मूळच कधी भ्रमात असते. सुमारे एक फुटावरून घेतलेल्या छायाचित्रात नाक पाच फुटांवरून घेतलेल्या छायाचित्रापेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद भासते, असे अमेरिकी संशोधकांनी २०१८ मध्ये गणिताने सिद्ध केले. हातातल्या मोबाइलवर स्वतःलाच न्याहाळणारी पिढी जो दोष दूर करू पाहते, तो काही अंशी भिंगाचा दोष असतो.

म्हणून या शस्त्रक्रियेवर बंदी घालावी असे कोणी म्हणणार नाही, म्हणूही नये. आपल्या देहाविषयीचा निर्णय सज्ञान व्यक्तीचाच आहे. निर्णय डोळसपणे व्हावा, एवढी तजवीज मात्र झाली पाहिजे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली आणि २००८ मध्ये रुग्णाच्या संमतीसाठी पुरेशी माहिती देणे बंधनकारक ठरविले. त्याच धर्तीवर, दुसऱ्या शस्त्रक्रियेची शक्यता व तिचा खर्च लेखी कळविणे, पहिली भेट व शस्त्रक्रिया यांत काही आठवड्यांचे अंतर ठेवणे आणि सल्ला देणाऱ्याने कर्जाची दलाली न करणे हे नियम व्हावेत. डॉक्टरांनी गिऱ्हाईक मिळविण्यासाठी जाहिरात करण्यास २००२ च्या आचारसंहितेत मनाई आहे. तीच जाहिरात मध्यस्थ कंपनीच्या नावाने झाली तर तिलाही हा निर्बंध लागू असावा.

एवढे करूनही मागणीचा उगम तसाच राहील. नेमणूक करणारे जोवर गुणांआधी चेहरा पाहतील आणि वधूपक्षाकडून छायाचित्र आधी मागितले जाईल, तोवर शस्त्रक्रियागृहाची वाट ओस पडणार नाही. नाकाचा शेंडा काही मिलिमीटर मागे नेण्याचे कौशल्य शल्यशास्त्राने साध्य केले आहे. पाहणाऱ्याची दृष्टी बदलण्याचे अवघड काम मात्र शाळांना, कचेऱ्यांना आणि घराघरांतील वडीलधाऱ्यांनाच करावे लागेल.