उसने खेळाडू? जरा धावफलक पाहा



‘विदर्भाचे यश उसन्या खेळाडूंचे’ हे पत्र वाचून राहवले नाही. २०१७-१८ च्या पहिल्या रणजी करंडकावेळी वसीम जाफर आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे होते, हे खरे. पण कर्णधार फैज फजल आपला, अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक घेणारा रजनीश गुरबाणी आपलाच. २०२४-२५ मध्ये हर्ष दुबेने ६९ बळींचा विक्रम केला, यश राठोडने ९६० धावा काढल्या. २०२५ मध्ये करुण नायर विदर्भ सोडून कर्नाटकात परतला, म्हणून रडायचे कशाला?

मुंबईचा जुना सल मलाही आहे. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर रणजीच्या अंतिम सामन्यात त्यांच्याकडून १६९ धावांनी हरलो, ती रात्र वाईट गेली. पुढच्याच वर्षी नागपूरच्या जामठा मैदानावर उपांत्य फेरीत त्यांना ८० धावांनी हरवले. फिटला हिशेब!

मला खुपते ते वेगळेच. सावलीची पोरं धान कापल्यावर रिकाम्या बांधीत टेनिस बॉलने खेळतात. त्यांच्यातला एक तरी जामठ्यात विदर्भाकडून उतरावा, यासाठी निवड चाचण्या मूल, सावली, गडचिरोलीपर्यंत याव्यात. पत्रलेखकांनी ही मागणी लावून धरली, तर मी त्यांच्यासोबत आहे.

— एक वाचक, सावली (जि. चंद्रपूर)